घड्याळात तेराचे टोले पडले तेव्हा… मुलांना भुताची गोष्ट द्यावी का?

मूल दहा-अकरा वर्षांचं झालं की त्याला भुताच्या गोष्टी वाचायच्या असतात. आणि नेमक्या त्याच वयात घरातून सूचना सुरू होतात. "असलं काही वाचू नकोस, रात्री घाबरशील." "त्यापेक्षा जनरल नॉलेजचं पुस्तक घे." पुस्तकाच्या दुकानात, वाचनालयाच्या काउंटरवर, नातेवाइकांच्या घरी हे संवाद सारखे ऐकू येतात. मूल मग पुस्तक खाली ठेवतं आणि मोबाइल उचलतं. तिथे त्याला भुतं मिळतातच, फक्त ती फार वाईट लिहिलेली असतात.

खरं तर मराठी घरांना भुतांचं वावडं कधीच नव्हतं. मुंजा, हडळ, वेताळ ही मंडळी आजीच्या तोंडूनच पोरांना भेटली. गोव्यात आणि कोकणात गावाची राखण करणारा राखणदार आहे. रत्नाकर मतकरींनी बालनाट्यांत चेटकीण आणि राक्षस रंगभूमीवर आणले, तेव्हा मुलं हसत हसत घाबरली. पण मतकरींच्याच गूढकथा किंवा नारायण धारपांच्या भयकथा या मोठ्यांसाठी. मधल्या वयाच्या, म्हणजे दहा ते चौदाच्या मुलांना 'चेटकीण' आता लहान वाटते आणि धारप अजून झेपत नाहीत. या वयासाठी अद्भुताची, अमानवी अनुभवाची चांगली कादंबरी कशी असते, हे समजून घ्यायचं तर एक जुनं इंग्रजी पुस्तक फार उपयोगी पडतं. त्याचं नाव 'टॉम्स मिडनाइट गार्डन', म्हणजे टॉमची मध्यरात्रीची बाग. लेखिका फिलिपा पिअर्स.

हे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षाचं कार्नेगी पदक त्याला मिळालं. ब्रिटनमध्ये मुलांच्या पुस्तकासाठी ग्रंथपालांकडून दिला जाणारा हा मोठा मान. या पदकाला सत्तर वर्षं झाली, तेव्हा २००७ मध्ये आजवरच्या विजेत्या पुस्तकांतून सर्वांत आवडतं कोणतं, यावर लोकांचं मत घेण्यात आलं. फिलिप पुलमन यांचं 'नॉर्दर्न लाइट्स' पहिलं आलं आणि पिअर्स यांचं हे पुस्तक दुसरं. बीबीसीने त्यावर तीनदा मालिका केली, १९९९ मध्ये सिनेमाही आला. इतकं टिकलेलं हे पुस्तक आत उघडून पाहिलं तर त्यात ना रक्त आहे, ना किंचाळ्या, ना कवटी. आहे ते एक घड्याळ, एक दार आणि एक बाग.

गोष्ट काय आहे?

टॉम लाँग हा शाळकरी मुलगा. उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे. भाऊ पीटर आणि तो मिळून परसातल्या सफरचंदाच्या झाडावर माळा बांधणार असतात. तेवढ्यात पीटरला गोवर निघतो. आजच्या मुलांना हे थोडं समजावून सांगावं लागेल. ब्रिटनमध्ये गोवराची लस सर्रास द्यायला १९६८ मध्ये सुरुवात झाली. त्याआधी घरात एकाला गोवर निघाला की दुसऱ्याला दूर पाठवायचे. कोरोनाच्या दिवसांत 'क्वारंटाइन' हा शब्द आपल्याकडच्या मुलांनीही ऐकला, टॉमच्या वाट्याला तेच येतं. त्याला आंट ग्वेन आणि अंकल ॲलन यांच्याकडे पाठवलं जातं. इंग्रजीत मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या एका 'आंट'मध्ये मावतात, म्हणून इथेही आंटच म्हणू या.

आंट-अंकलचं घर म्हणजे एका मोठ्या जुन्या वास्तूतला फ्लॅट. एकेकाळी ते एका कुटुंबाचं ऐसपैस घर होतं. आता त्याचे तुकडे करून भाडेकरू ठेवले आहेत. सगळ्यात वर घरमालकीण राहते, मिसेस बार्थोलोम्यू नावाची म्हातारी. ती कुणात मिसळत नाही. खालच्या दिवाणखान्यात तिचं जुनं, माणसाच्या उंचीचं लंबकाचं घड्याळ उभं आहे. त्याला किल्ली द्यायला तेवढी ती खाली उतरते. घड्याळ वेळ बरोबर दाखवतं, पण टोले भलतेच देतं. पाच वाजता एक, दुपारी कधी काय, काही भरवसा नाही.

टॉमला तिथे करमत नाही. खेळायला कुणी नाही. बाग नाही. मागचं दार उघडलं की फरसबंदीची छोटी पट्टी, कचऱ्याचे डबे आणि एक उभी केलेली गाडी. आंट लाडाने इतकं तुपकट-लोणकट खाऊ घालते की रात्री झोप येत नाही. आणि अंकलचा नियम असा, की मुलाने दहा तास अंथरुणात काढलेच पाहिजेत.

एका रात्री टॉम टोले मोजत पडलेला असतो. अकरा, बारा… आणि तेरा.

आता तेरावा तास घड्याळात असतो का? टॉम मनाशी हिशेब मांडतो. दिवसाला एक तास जादा मिळाला, म्हणजे दहा तासांचा नियम न मोडता हा तास आपला. घड्याळात नक्की किती वाजले ते पाहायला तो खाली उतरतो. काटे दिसत नाहीत, म्हणून चांदण्याचा उजेड आत यावा यासाठी मागचं दार उघडतो. बाहेर डबे नसतात. तिथे प्रचंड मोठी बाग पसरलेली असते. हिरवळ, फुलांचे वाफे, उंच झाडं, काचेचं हरितगृह.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पुन्हा कचऱ्याचे डबे.

अद्भुतालाही नियम लागतात

मुलांसाठी लिहिलेली अद्भुतकथा चांगली की भरड, हे ओळखायची पहिली खूण इथेच सापडते. भरड कथेत काहीही, केव्हाही होतं. भूत भिंतीतून येतं, कारण लेखकाला ते तिथे हवं असतं. चांगल्या कथेत अद्भुत गोष्टही नियमाने वागते आणि वाचणारं मूल ते नियम शोधून काढू शकतं.

पिअर्स यांच्या बागेचे नियम मोजके आहेत. टॉम तिथे कितीही वेळ घालवो, परत आल्यावर घरातल्या घड्याळात जेमतेम काही मिनिटं गेलेली असतात. बागेत तो चालतो, झाडावर चढतो, पण दवावर त्याच्या पावलांचे ठसे उमटत नाहीत. बागेतलं दार त्याला ढकलून उघडता येत नाही, एकदा तो मोठ्या कष्टाने बंद दारातून आरपार जातो. तिथल्या माणसांना तो दिसत नाही. अपवाद फक्त दोन. एक हॅटी नावाची पोरकी मुलगी आणि दुसरा माळी एबल. एबलला तो दिसतो, पण हा काहीतरी सैतानी प्रकार आहे अशा समजुतीने तो न दिसल्यासारखं करतो.

आणखी एक विचित्र गोष्ट आहे. बागेतला काळ सरळ रांगेत चालत नाही. एका रात्री वादळात एक उंच झाड वीज पडून कोसळतं. पुढच्या खेपेला तेच झाड ताठ उभं असतं. हॅटी कधी टॉमच्या बरोबरीची, तर एकदा अचानक अगदी चिमुकली दिसते. काळे कपडे घातलेली, मेलेल्या आईबापांसाठी रडणारी. टॉम गोंधळतो, वाचणारं मूलही गोंधळतं. पण लेखिका गोंधळलेली नाही, हे मुलाला आतून जाणवत असतं. शेवटी या प्रत्येक गोष्टीचा हिशेब लागतो. एकही नोंद लटकत राहत नाही. जमाखर्च शेवटच्या पानावर असा जुळलेला पाहणं हा या पुस्तकाचा एक मोठा आनंद आहे.

भूत कोण?

हॅटी आणि टॉमची गट्टी जमते. धनुष्यबाण बनवतात, झाडांवर चढतात. हॅटी काकूच्या घरी उपकारावर वाढणारी मुलगी आहे. तिचे तीन चुलतभाऊ, ह्यूबर्ट, जेम्स आणि एडगर, तिला खेळायला घेत नाहीत. म्हणून ती 'मी कैदेत ठेवलेली राजकन्या आहे' अशा थापा मारते. एकदा कुंपणाच्या भगदाडातून बदकं-हंस बागेत घुसून नासधूस करतात, तेव्हा काकू सगळ्यांदेखत हॅटीला पोरकेपणावरून घालूनपाडून बोलते. टॉम तिथेच उभा असतो, पण कुणाला दिसत नसल्यामुळे काहीच करू शकत नाही. आश्रित म्हणून वाढलेल्या मुलाचं दुःख काय असतं, हे हा प्रसंग फार थोड्या वाक्यांत सांगतो.

आणि मग एके दिवशी दोघांचं भांडण जुंपतं. टॉम म्हणतो, तू मेलेली आहेस, तूच भूत. हॅटी म्हणते, दारातून आरपार तू जातोस, तुझे कपडे विचित्र, भूत तूच. दोघंही रडकुंडीला येतात.

मोठा माणूस हे वाचून हसेल. पण मुलासाठी हा प्रश्न साधा नाही. आपल्या गोष्टींतलं भूत नेहमी मागून येतं. मेलेला, अतृप्त राहिलेला कुणीतरी परत येतो. इथे मात्र हॅटीच्या बाजूने पाहिलं तर भूत पुढून आलेलं आहे. अजून जन्मलाच नाही असा मुलगा तिच्या बागेत फिरतो आहे. 'मी' म्हणजे कायमचा खरा आणि 'तो' म्हणजे कधीकाळचा, ही प्रत्येक मुलाची आणि खरं तर प्रत्येक मोठ्या माणसाची समजूत. या भांडणात ती पहिल्यांदा हलते.

टॉम नुसता घाबरत किंवा चकित होत बसत नाही, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. तो पुरावे गोळा करतो. हॅटीचे कपडे कोणत्या काळातले, हे ज्ञानकोश काढून पाहतो. काळ म्हणजे काय, यावर अंकलशी वाद घालतो. अंकल ॲलन तर्काने समजावत राहतात आणि मुलगा असं का विचारतोय ते न कळून शेवटी चिडतात. घड्याळावर एका देवदूताचं चित्र रंगवलेलं आहे आणि बायबलच्या शेवटच्या ग्रंथातली काळ संपण्याविषयीची ओळ आहे. टॉम आणि हॅटी मिळून तीही शोधून काढतात. मूल जनरल नॉलेज वाचत नाही अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी टॉमची ही शोधाशोध वाचावी. गरज लागली की मूल ज्ञानकोशही उघडतं.

एकच वस्तू, दोन वह्या

सगळ्या पुस्तकातली सर्वांत सुंदर युक्ती स्केट्सची आहे. बर्फावर घसरत जाण्यासाठी पायाला लावायची ती धारदार पाती.

बागेत हिवाळा येतो. हॅटी आता मोठी होत चालली आहे. तिच्याकडे स्केट्स आहेत, टॉमकडे नाहीत. हॅटीच्या खोलीतल्या कपाटात फळीखाली एक गुप्त कप्पा आहे. तीच खोली टॉमच्या काळात त्याची झोपायची खोली. टॉम तिच्याकडून वचन घेतो. वापर संपला की तुझे स्केट्स त्या कप्प्यात ठेवून जा. मग तो आपल्या काळात परत येतो, फळी उचलतो. आत कागदात गुंडाळलेले, कित्येक दशकं पडून राहिलेले स्केट्स, आणि सोबत वचन पाळल्याची चिठ्ठी.

पुढच्या रात्री दोघं नदीवर जातात. नदी मैलोन्‌मैल गोठलेली. हॅटीच्या पायात तिचे स्केट्स. टॉमच्या पायात तेच स्केट्स, फक्त जुने झालेले. जोड एकच, पण एकाच वेळी चार पायांत. एकच माल दोन वह्यांत दाखवला तर लेखापरीक्षक पकडेल. इथे मात्र हिशेब चोख बसतो, कारण दोन्ही नोंदी वेगवेगळ्या तारखांच्या आहेत! दहा वर्षांच्या मुलाला हे सांगून पाहा. ते पाच मिनिटं गप्प बसेल आणि मग हसेल. काळ या अवघड कल्पनेचा इतका सोपा धडा कुठल्या शाळेच्या पुस्तकात नाही.

दोघं घसरत घसरत ईली या गावापर्यंत पोहोचतात. तिथल्या उंच कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर चढतात. तिथे पीटर येतो. गोवरातून उठलेला टॉमचा भाऊ, टॉमची पत्रं वाचून बागेचाच ध्यास घेतलेला, झोपेत तिथवर पोहोचतो. पीटर भोवती पाहत विचारतो, हॅटी कुठे आहे? टॉम बोट दाखवतो. पीटर म्हणतो, ती तर मोठी बाई आहे.

टॉमला इतके दिवस हे दिसलंच नव्हतं. आणि पीटर हॅटीला जसा विरळ, पारदर्शक दिसतो, तसाच आपणही तिला दिसू लागलो आहोत, हे त्याला त्याच वेळी कळतं.

गोष्टीचा शेवट

इथे एक सूचना. ज्यांना पुस्तक स्वतः वाचून शेवट कळायला हवा असेल, त्यांनी हा भाग सोडून पुढच्या मथळ्यावर जावं. पण मुलांना पुस्तक द्यावं की नाही हे ठरवणाऱ्या पालकांना शेवट माहीत असलेला बरा.

परतीच्या वाटेवर बार्टी नावाचा ओळखीचा तरुण हॅटीला आपल्या घोडागाडीत घेतो. दोघं बोलण्यात रमतात. टॉम शेजारी बसलेला असतो, पण हॅटीला तो हळूहळू दिसेनासा होतो. टॉमचे सुट्टीचे दिवस संपत आलेले असतात. त्याने एक बेत आखलेला असतो. बागेत हवं तितकं राहायचं, वर्षंही, आणि तरीही घरी वेळेवर पोहोचायचं, कारण इथला काळ तर थांबलेलाच असतो. शेवटच्या रात्री तो खाली धावतो, मागचं दार उघडतो. बाग नसते. अंधारात तो कचऱ्याच्या डब्यांवर आदळतो आणि जिवाच्या आकांताने हॅटीला हाक मारतो. सगळी इमारत जागी होते.

सकाळी वरून निरोप येतो. रात्रीच्या गोंधळाबद्दल मुलाने घरमालकिणीची माफी मागावी. टॉम जड पावलांनी माळ्यावर जातो. मिसेस बार्थोलोम्यू दार उघडते. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहते, हात लावून तो खरा आहे ना ते पाहते. तीच हॅटी.

बार्टीचं पूर्ण नाव बार्थोलोम्यू. त्याच्याशी तिचं लग्न झालं, दोन मुलगे झाले, दोघंही पहिल्या महायुद्धात मारले गेले. नवराही गेला. चुलतभाऊ जेम्सचा धंदा बसला होता, बागेचे तुकडे करून त्याने जमीन विकली होती, तिथे घरं उभी राहिली होती. म्हातारपणी ती या घरात परतली. रात्री अंथरुणावर पडून आपलं बालपण स्वप्नात पाहत राहायची. त्याच उन्हाळ्यात खाली एक मुलगा झोपत होता, ज्याला खेळायला कुणीतरी हवं होतं आणि खेळायला जागा हवी होती. तिची आठवण आणि त्याची ओढ एकाच घरात, एकाच रात्री भेटली. टॉम ज्या बागेत जात होता ती तिच्या स्वप्नातली बाग होती. काळ तिथे मागेपुढे उड्या मारत होता, कारण आठवण कधीच तारीखवार येत नाही. शेवटच्या रात्री बाग मिळाली नाही, कारण त्या रात्री तिने आपल्या लग्नाचं आणि ते घर सोडून जाण्याचं स्वप्न पाहिलं होतं.

निरोप घेऊन टॉम जिना उतरू लागतो, मग धावत परत वर जातो आणि त्या म्हातारीला घट्ट मिठी मारतो. खालून पाहणाऱ्या आंट ग्वेनला वाटतं, हा तिला जणू एखादी लहान मुलगी असल्यासारखा भेटला.

लेखिकेची बाग

फिलिपा पिअर्स १९२० साली जन्मल्या. केम्ब्रिजजवळ ग्रेट शेलफर्ड या गावी त्यांचे वडील पिठाच्या गिरणीचे मालक आणि धान्याचे व्यापारी होते. नदीकाठच्या 'मिल हाउस'मध्ये भावंडांत सर्वांत धाकट्या म्हणून त्या वाढल्या. पुढे केम्ब्रिजच्या गर्टन कॉलेजात शिकून त्या बीबीसीच्या शालेय प्रसारण विभागात काम करू लागल्या. १९५१ मध्ये त्यांना क्षयरोग झाला आणि उन्हाळा इस्पितळात काढावा लागला. खिडकीपलीकडे काही मैलांवर आपली नदी आहे आणि आपण तिथे जाऊ शकत नाही, या तगमगीतून त्यांचं पहिलं पुस्तक 'मिनो ऑन द से' आलं. पुढे वडील निवृत्त झाले आणि मिल हाउस विकायची वेळ आली. हातातून निघून चाललेल्या त्या घराची बाग म्हणजेच टॉमची बाग. पुस्तकात केम्ब्रिजचं नाव कॅसलफर्ड केलं आहे, ईली मात्र ईलीच आहे. पिअर्स पुढे पुन्हा ग्रेट शेलफर्डलाच राहायला आल्या. २००६ मध्ये त्यांचं निधन झालं.

हे कळल्यावर पुस्तकातलं अद्भुत कुठून आलं ते उमगतं. विकलेलं घर कागदोपत्री परत मिळत नाही. मग लेखिकेने एक तेरावा तास तयार केला आणि त्यात ती बाग जपून ठेवली.

मग मुलांना द्यावं का?

जरूर द्यावं. साधारण दहा वर्षांनंतर. भीती वाटेल का? थोडी वाटेल, पण ती अंधारातून झेप घेणाऱ्या कशाचीही नाही. आपलं माणूस मोठं होऊन दूर जाईल, आपण त्याला दिसेनासे होऊ, ही ती भीती. ती मुलांच्या मनात असतेच. मोठा भाऊ कॉलेजला गेला की, मैत्रीण दुसऱ्या शाळेत गेली की, आजोबा आजारी पडले की ती डोकं वर काढते. पुस्तक त्या भीतीला आकार देतं आणि शेवटी मुलाच्या हातात काहीतरी ठेवून जातं. अद्भुतकथेची दुसरी खूण हीच. पुस्तक मिटल्यावर नुसती धडधड उरली तर ते पुस्तक एकदाच वाचायचं. समजूत उरली तर ते परत वाचलं जातं.

काही अडचणी आहेत, त्याही सांगायला हव्यात. सुरुवातीची पानं संथ आहेत. मोबाइलच्या वेगाला सरावलेल्या मुलाला तेराव्या टोल्यापर्यंत आणणं हे घरच्यांचं काम. इंग्रजी साधी आहे, पण झाडाफुलांची नावं, ख्रिस्ती संदर्भ, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज घरातल्या चालीरीती अनोळखी वाटतील. हॅटीच्या लग्नानंतरचं सगळं आयुष्य, त्यातले दोन मुलांचे मृत्यूसुद्धा, शेवटी भराभर येऊन जातात. मोठ्या वाचकाला तिथे आणखी थांबावंसं वाटेल.

मराठी किंवा कन्नड माध्यमातल्या मुलाला एकट्याने वाचायला जड गेलं तर रोज रात्री एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावं आणि अडलं तिथे मराठीत सांगावं. गुजरात, मध्य प्रदेश, तेलंगणातल्या घरांत जिथे मुलं शाळेत एक भाषा आणि घरात दुसरी बोलतात, तिथे तर ही सवय दुप्पट फायद्याची. गोष्ट इंग्रजीतली, समजावणं मराठीतलं. मधूनच थांबून विचारावं, "तुला काय वाटतं, भूत कोण?" उत्तर बरोबर की चूक ते सांगू नये. पुढचं पान उलटावं.

माळ्यावरची आजी

या पुस्तकातलं घर आपल्या वाचकांना ओळखीचं वाटेल. बेळगावातल्या गल्ल्या असोत, ग्वाल्हेर-इंदूरचे वाडे असोत की बडोद्यातली जुनी घरं. कुठे वाटण्या झाल्या, कुठे भाडेकरू आले, कुठे सगळंच पाडून अपार्टमेंट उभं राहिलं. आड बुजला, तुळशीवृंदावनाच्या जागी पार्किंग आलं. आणि या सगळ्याच्या वर किंवा मागच्या खोलीत एक म्हातारं माणूस असतं. मुलांच्या दृष्टीने ते जन्मापासून म्हातारंच आहे. टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून ओरडणारं, आताशा शाळेतल्या मुलांना कळत नाहीत असे शब्द वापरणारं.

टॉमची आणि मिसेस बार्थोलोम्यूची सगळी सुट्टी एकाच छपराखाली गेली. रोज रात्री ते बागेत भेटत होते आणि दिवसा एकदाही एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटच्या सकाळी माफी मागायची सक्ती झाली म्हणून तरी भेट झाली. आणखी एक दिवस आधी टॉम आपल्या गावी परतला असता, तर जिन्यावरची ती मिठी झालीच नसती. ही हुरहूर पुस्तक मिटल्यावरही राहते.

आपल्या घरातल्या मुलांना त्यासाठी तेराव्या टोल्याची वाट पाहावी लागत नाही. मागच्या खोलीचं दार दिवसाही उघडं असतं. आत जाऊन एवढंच विचारायचं, "आजी, तू माझ्याएवढी होतीस तेव्हा आपल्या घराच्या मागे काय होतं?"